पड शेत आणि पदवीचे नाव

पत्राचा सारांश: गोव्याच्या फोंडा तालुक्यातील नदीकाठच्या एका गावातून 21 वर्षांच्या वाचक भगिनीने हे पत्र पाठवले आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन त्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांच्या घरचे खाजनातले शेत 9 वर्षे पड आहे. बांधाला भगदाड पडून खारे पाणी आत आले आणि त्यानंतर तिथे कोणी नांगर घातला नाही. महाविद्यालयीन प्रकल्पासाठी त्यांनी त्या मातीची क्षारता मोजली आणि तिथे उगवलेल्या वनस्पतींची नोंद केली. प्रकल्पाचे कौतुक झाले, परंतु शेत पड का राहिले हा मूळ प्रश्न ‘आपल्या विषयात बसत नाही’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांची आई स्वयंसहाय्य गटातर्फे गावच्या शाळेचा माध्यान्ह आहार शिजवते. त्यासाठी लागणारे कांदे-बटाटे घाटावरून येतात आणि शाळेच्या मागचे शेत मात्र ओसाड आहे, ही विसंगती त्यांना अस्वस्थ करते. म्हणून अन्नव्यवस्थेचा आंतरविद्याशाखीय अभ्यास शिकवणारी पदव्युत्तर पदवी राज्याबाहेर जाऊन घ्यावी, असे त्यांनी जवळजवळ ठरवले आहे. वडिलांचे म्हणणे असे, की त्या पदवीचे नाव नोकरीच्या एकाही जाहिरातीत दिसत नाही, तेव्हा अन्नतंत्रज्ञान शिकून वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी धरावी. एका प्राध्यापकांनीही ‘सगळ्यातले थोडे थोडे शिकणाऱ्याला कशातलेच धड येत नाही’ असे बजावले आहे. ‘एका विषयाच्या चाकोरीत राहायचे, की माझ्या प्रश्नाच्या मागे जायचे?’ असे त्या विचारतात.

उत्तर:

तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण माझा मतभेद तिथेच आहे. चाकोरी आणि प्रश्न या दोहोंतून एकाची निवड करायची आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. परंतु तो प्रश्न तुम्हाला पडला, तो वनस्पतिशास्त्राच्या वहीत नोंदी करताना. मातीतले मीठ मोजता आले नसते आणि भाताच्या जागी कोणती झाडे आली ते ओळखता आले नसते, तर त्या शेताकडे तुम्हीही इतरांसारखेच रस्त्यावरून पाहून पुढे गेला असता. ज्या विषयाने तुम्हाला प्रश्नाच्या दारापर्यंत आणून सोडले, त्याला चाकोरी म्हणू नये असे मला वाटते. तो विषय एकट्याने उत्तरापर्यंत नेणार नाही, हे मात्र खरे आहे. आणि ते नीट समजावून सांगण्याऐवजी ‘बसत नाही’ एवढ्यावर तुमची बोळवण झाली, याचे मला वाईट वाटते.

बियाण्यापासून ताटापर्यंत आणि ताटातल्या उष्ट्यापर्यंत अन्नाचा जो प्रवास होतो, तो आणि त्याला वळण देणारे कायदे, बाजार, श्रम, हवामान व खाण्याच्या सवयी, या सगळ्याला मिळून अन्नव्यवस्था म्हणतात. व्याख्या सोपी आहे. तिचा आवाका कळण्यासाठी मात्र तुमच्याच शेताकडे जावे लागेल.

खाजन म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली जमीन. चिखलमाती, पेंढा आणि चिरे यांनी बांध उभा राहतो आणि त्यात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारांची चौकट, बसवलेली असते. ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने मानशीची दारे उघडतात आणि शेतातले पाणी नदीत निघून जाते. भरतीच्या वेळी नदीचे पाणी तीच दारे बाहेरून दाबून बंद करते. पावसाळ्यात गोड्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन निघते आणि कोरगुटासारखे, खारेपणा सोसणारे भात सरदीच्या, म्हणजे पावसाळी, हंगामात उभे राहते. कापणीनंतर खारे पाणी आत घेऊन त्यात मासे आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी, धरता येतात. इथपर्यंत भौतिकशास्त्र, मृदाशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र पुरते.

परंतु मानशीतल्या मासेमारीचा हक्क पावणीने, म्हणजे लिलावाने, दिला जातो आणि तो घेणाऱ्याचा लाभ खारे पाणी आत राहण्यात असतो, तर भात पेरणाऱ्याचा लाभ ते बाहेर राहण्यात असतो. दार किती वेळ उघडे राहावे, हा प्रश्न म्हणूनच पाण्याच्या दाबाइतकाच अर्थशास्त्राचा, आणि गावात कोणाच्या शब्दाला वजन आहे याचाही आहे. बांधाची देखभाल पूर्वी गावकरीकडे, म्हणजे पोर्तुगीज अमदानीत जिला कोमुनिदाद म्हणत त्या संस्थेकडे, असे. 1964 च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले, ते न्याय्यच होते. पुढे बांधांची सामायिक जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. आता ज्या घरातली मुले नोकरीला लागली आणि ज्यांनी शेत सोडले, त्या घरांनी बांधाला माती टाकायला यायचे की नाही? एका शेतकऱ्याने आपला वाटा चोख उचलला तरी शेजारच्या भगदाडातून पाणी येणारच. शिवाय पड जमिनीत एकदा खारफुटी माजली, की किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे ती सहजासहजी काढता येत नाही. म्हणजे इथे पर्यावरणाचा कायदा आणि भातशेती परस्परांसमोर उभी राहतात, आणि दोघांचीही बाजू खरी असते. तुमच्या वहीत ज्या झाडांची नावे आहेत, त्यांतली काही आज कदाचित कायद्याने संरक्षित असतील. हे लक्षात आले, तेव्हा तुमचा प्रकल्प नकळत विषयाची वेस ओलांडून गेलेलाच होता.

तुमच्या आईच्या कढईकडेही असेच पाहता येईल. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा बेळगावहून येणारी भाजी थांबली आणि आपण काय खातो ते घाटापलीकडच्या एका रस्त्यावर किती अवलंबून आहे, हे गोव्यातल्या प्रत्येक घराला कळले. तुमच्या वडिलांनाही ते दिवस आठवत असतील. जुलै 2018 मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा संशय उठला, तेव्हा प्रयोगशाळेतल्या चाचणीने वाद मिटला नाही, कारण वाद रसायनाइतकाच विश्वासाचा होता. माशात काय आहे ते रसायनशास्त्र सांगते. बाजारातल्या माणसाने कोणाचे ऐकावे, हे सांगणारी विद्या वेगळी आहे.

आता त्या प्राध्यापकांचा इशारा. तो अर्धा बरोबर आहे, म्हणून तो झटकून टाकू नका. चार विषयांचे चार प्रास्ताविक अभ्यासक्रम पूर्ण केले म्हणजे आंतरविद्याशाखीय दृष्टी येत नाही. त्यातून शब्द येतात, आणि शब्द आले की समजल्यासारखे वाटू लागते, हा त्यातला धोका आहे. ज्यांनी विषयांच्या सीमा खरोखर ओलांडल्या, त्यांच्या हातात आधी एक तरी हत्यार पक्के होते. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, तरी त्या वर्षीचा धान्यपुरवठा 1941 पेक्षा, म्हणजे दुष्काळ नसलेल्या वर्षापेक्षा, कमी नव्हता. धान्य होते, पण ते मिळवण्याची लोकांची ऐपत कोसळली होती, हे अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडले. भुकेचा विचार त्यामुळे शेताच्या बांधाबाहेर आला, आणि तो बाहेर आणणारा माणूस आकडे वाचण्यात मुरलेला अर्थशास्त्रज्ञ होता.

याहून जवळचे उदाहरण आपल्या घरचेच आहे. 1907 साली गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे मुळात गणिती होते. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्याचे जे सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि जे त्यांनी 1944 मध्ये मांडले, ते आनुवंशिकीच्या अभ्यासात तुमच्याही कानावर आले असेल. त्याच माणसाने हजारो आहत, म्हणजे ठसे उमटवलेली प्राचीन, नाणी तोलून, वापराने झिजलेल्या वजनावरून त्यांचा काळ ठरवण्याची संख्याशास्त्रीय पद्धत बसवली, पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून इतिहास वाचला, आणि गोव्याच्या जुन्या काबिजादीतल्या (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातल्या) गावसंस्थेवर, म्हणजे तुमच्या बांधाची काळजी घेणाऱ्या गावकरीसारख्याच संस्थेवर, निबंध लिहिला. गणित त्यांनी कधी सोडले नाही, ते सोबत घेऊन ते बाहेर पडले. प्राध्यापकांच्या इशाऱ्याला माझ्या मते हेच उत्तर आहे, आणि ते तुम्हाला सावध करणारेही आहे.

वडिलांविषयी तुम्ही लिहिले आहे की ‘त्यांना हे कळणार नाही’. मला तसे वाटत नाही. त्यांची शंका अगदी नेमकी आहे. आपल्याकडे महाविद्यालयातली जागा विषयाच्या नावाने भरली जाते; नेट परीक्षेच्या विषयांत अर्थशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, गृहविज्ञान, पर्यावरणशास्त्र आहे, पण अन्नव्यवस्था नावाचा विषय नाही. वेगळ्या नावाची पदवी घेतली, तर ती ‘संबंधित विषयातली’ आहे की नाही, याचे कागद गोळा करण्यात पुढे वर्षे जाऊ शकतात. जी मुले अध्यापनाकडे वळू इच्छितात त्यांनी ही गोष्ट प्रवेशाआधीच तपासून घ्यावी. दुसरीकडे, संशोधन संस्था, पोषण आणि शेतीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्था किंवा धोरणविषयक काम करणारे गट पदवीच्या नावापेक्षा तुम्ही काय करून दाखवले आहे ते पाहतात. तेव्हा वडिलांशी बोलताना नोकरी मिळेल की नाही असा वाद घालण्यापेक्षा, मला कोणत्या प्रकारची नोकरी हवी आहे आणि तिथे काय मागतात, हे जाहिराती समोर ठेवून दोघांनी एकत्र वाचावे.

त्यांनी सुचवलेल्या अन्नतंत्रज्ञानाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो भक्कम विषय आहे; मैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था 1950 पासून त्यात मोलाचे काम करते आहे. परंतु त्या विषयाचे काम बहुतेक कापणीनंतर सुरू होते. धान्य, फळ किंवा मासळी टिकवायची कशी, प्रक्रिया कशी करायची, सुरक्षित कशी ठेवायची, हे त्याचे प्रश्न आहेत. तुमचे शेत तर पेरणीच्याही अलीकडे अडले आहे. केवळ नावात ‘अन्न’ आहे म्हणून तो विषय तुमच्या प्रश्नाच्या जवळचा ठरत नाही. वडिलांना दुखावण्याच्या भीतीने तो निवडू नका. त्या कामाची ओढ वाटली तर जरूर निवडा.

आता एक नाजूक गोष्ट, जी मी पत्र दोनदा वाचल्यावर लिहिते आहे. तुमच्या पत्रात दोन इच्छा एकमेकींत मिसळल्या आहेत. शेत पड का राहिले हे समजून घ्यावे, ही एक. आणि ते शेत पुन्हा पिकावे, ही दुसरी. पहिलीसाठी विद्यापीठ लागते. दुसरीसाठी कुळांच्या संघाची बैठक, कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयातल्या फेऱ्या, शेजारच्या सात-आठ घरांचे एकमत आणि बांधाला माती टाकणारे हात लागतात. दोन वर्षांची पदवी पूर्ण होईपर्यंत भगदाड थांबून राहणार नाही. उलट, शेत उद्या पिकू लागले तरी तुमचा प्रश्न संपणार नाही, कारण तो आता एका शेतापुरता उरलेला नाही. या दोन इच्छा वेगळ्या करून पाहिल्यात, तर पदवीवर टाकलेले ओझे पुष्कळ हलके होईल. आपल्या घराचे दुःख दूर करण्याची जबाबदारी अभ्यासक्रमावर टाकली, की पहिल्याच सत्रात निराशा येते; अशी गुणी मुले मी शिकवत असताना पाहिली आहेत.

‘गोव्यात यासाठी काहीच नाही’ हे तुमचे वाक्यही मला तपासून पाहावेसे वाटते. त्या नावाची पदवी इथे नसेल, पण ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात जीवशास्त्रे आहेत, सागरशास्त्र आहे, अर्थशास्त्र आहे, आणि सामाजिक शास्त्रांच्या तिथल्या विद्यालयाला तर कोसंबींचेच नाव आहे. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. जुने गोवेजवळ एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, जिने खाजनासाठी ‘गोवा धान’ या नावाने खारे पाणी सोसणारी भाताची वाणे काढली आहेत. सुळकर्ण्याला कृषी महाविद्यालय आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात गावकरीची जुनी दप्तरे आहेत, त्यांतली पुष्कळशी पोर्तुगीजमध्ये. हे सगळे एका छताखाली नाही, इतकेच. त्यांना जोडण्याचे काम विद्यार्थ्याला स्वतः करावे लागेल, आणि ते कष्टाचे आहे, हे मी लपवत नाही.

परदेशाचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे, म्हणून मीही थोडक्यात लिहिते. नेदरलँड्समधले वागेनिंगेन विद्यापीठ या क्षेत्रात अग्रगण्य आहे आणि इटलीत पोलेन्झो येथे 2004 पासून केवळ खाद्यशास्त्राला वाहिलेले विद्यापीठ आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर ती संधी मोठी आहे. कर्ज काढून, आणि तेही पहिल्याच पदवीनंतर, जाण्याचा सल्ला मी देणार नाही. तुमच्या प्रश्नाची सामग्री इथल्या चिखलात आहे. ती गोळा करून गेलात, तर तिथल्या ग्रंथालयाचा आणि अध्यापकांचा तुम्हाला कितीतरी अधिक उपयोग होईल.

मग मी काय करीन? तुमच्या जागी असते तर एम.एस्सी. इथेच, वनस्पतिशास्त्रात किंवा पर्यावरणशास्त्रात केली असती, आणि प्रबंधासाठी पहिल्या सत्रातच सामाजिक शास्त्रांतला दुसरा मार्गदर्शक मिळतो का ते पाहिले असते. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर इतर विषयांतले श्रेयांक घेण्याची सोय वाढली आहे आणि ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे अभ्यासक्रमही मोजले जाऊ शकतात, तिथून संख्याशास्त्र आणि क्षेत्रीय मुलाखतींच्या पद्धती, निदान एवढे दोन विषय घ्यावेत. अन्नव्यवस्थेचा पूर्ण अभ्यासक्रम त्यानंतर, किंवा पीएच.डी.च्या टप्प्यावर घ्यावा. मात्र एक शक्यता अशीही आहे, की आणखी थोडे खोदल्यावर तुमचा कल झाडांपेक्षा माणसांच्या संस्थांकडे आहे, असे तुम्हाला आढळेल. तसे झाले तर भूगोल, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र यांपैकी एक विषय पक्का करण्यासाठी दिशा बदलायला 21 हे वय मुळीच उशिराचे नाही. प्रवेशाची पात्रता तेवढी आधी विचारून घ्या.

आणि तरीही तो राज्याबाहेरचा अभ्यासक्रमच मनात असेल, तर माहितीपत्रकावर विसंबू नका. त्या विभागाला पत्र लिहून विचारा, की शिकवणारे किती विषयांतून आले आहेत आणि ते कधी एकाच वर्गात एकत्र उभे राहून शिकवतात का. मृदाशास्त्रज्ञ सोमवारी आणि समाजशास्त्रज्ञ मंगळवारी येऊन गेला, एवढ्याने काही साधत नाही. एकाच शेताबद्दल त्या दोघांचे मत जुळत नाही, तेव्हा काय करायचे, हे तिथे शिकवले पाहिजे. क्षेत्रकार्य किती आठवड्यांचे आहे आणि सक्तीचे आहे का, हे विचारा. मागच्या दोन-तीन तुकड्यांचे प्रबंध वाचायला मागा. त्यांत मोजमाप आहे की नुसती चर्चा, ते तुम्हाला लगेच कळेल. उत्तीर्ण झालेल्या दोघांशी तरी बोला. जो विभाग ही माहिती आनंदाने देतो, तिथे जाण्याचा विचार अवश्य करावा, आणि तसे झाल्यास माझा वरचा सल्ला बाजूला ठेवायलाही माझी हरकत नाही.

तुमच्यासारख्याच द्विधेत असलेल्या इतर वाचकांनी प्रवेशाआधी एक छोटा अभ्यास घरीच करून पाहावा. येत्या चवथीला माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीला, बांधलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करावी: आंबाडे, तवशी, निरफणस, सुपारीचे घोस, रानातली जी काही फळे असतील ती. त्यापुढे ती कुळागरातून, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतून, आली, रानातून आली की फोंड्याच्या किंवा म्हापशाच्या बाजारातून, आणि आजीच्या लहानपणी ती कुठून येत असे, हे लिहावे. या तीन रकान्यांत वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास शेजारी शेजारी येऊन बसतात. यादी करताना कोणत्या रकान्यापाशी तुमचा हात अधिक रेंगाळतो, त्यावर लक्ष ठेवा. कोणता विषय पक्का करावा, याची ती चांगली खूण आहे.

तुम्हाला मात्र मी वेगळे काम देते, कारण तुमची यादी तयारच आहे. तुमच्या मातीच्या नोंदींची एक स्वच्छ प्रत काढून कुळांच्या संघाच्या पुढच्या बैठकीत नेऊन वाचा. त्यातले आकडे त्यांना समजतील अशा मराठी-कोंकणीत सांगा आणि ते काय विचारतात ते लिहून घ्या. आईकडून महिन्याच्या बाजाराच्या पावत्या मागून घ्या. आणि येत्या अमावास्येला, उधाणाची भरती असेल तेव्हा, वडिलांना सोबत घेऊन मानशीवर जा. दार किती वाजता मिटते, भगदाडातून पाणी किती वाजता आत शिरू लागते, दोन्ही वेळा घड्याळ लावून नोंदवा. अर्ज भरण्याची मुदत त्यानंतरची असेल, तर मला पुन्हा लिहा, आणि त्या नोंदी पत्रासोबत पाठवा.